चिंचोक्यांचा पट

पहिली-दुसरीच्या मुलांना गणिताचा खेळ करून द्यायचा तर औंधसारख्या गावात खर्च करावा लागत नाही. दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी करायच्या, म्हणजे एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी दिसते. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखला की चल्लस-आठ तयार.

चारही डाळी एकदम टाकायच्या. जितक्या पांढऱ्या दिसतील तितकी घरं सोंगटी चालते. एकही पांढरी नसेल तर आठ. घरं मोजताना मूल बेरीज करतं, ‘मारायला किती हवेत?’ म्हणताना वजाबाकी. वही न उघडता होणारी ही वजाबाकी मला फार मोलाची वाटते.

चौथीच्या मुलांना प्रत्येक डाव पाटीवर नोंदवायला सांगा. थोड्याच वेळात त्यांना दिसेल की दोन वारंवार पडतं, आठ क्वचित. चार डाळी एकूण १६ प्रकारे पडू शकतात. त्यांत दोन पांढऱ्या येण्याचे सहा प्रकार. एक किंवा तीन येण्याचे प्रत्येकी चार. चार किंवा आठ पडण्याचा मात्र प्रत्येकी एकच. संभाव्यता हा शब्द न उच्चारता ती कळते. डाळ एका बाजूला फुगीर असल्याने प्रत्यक्षातली मोजणी थोडी वेगळी येईल. ती का वेगळी आली, हे मुलांनाच शोधू द्या.

गणित शिकवायचंच तर सोंगटीचं घर मुलांनी स्वतः मोजावं. मोठ्यांनी बोट दाखवू नये. अगदी लहानग्यांकडे मात्र लक्ष हवं, कारण चिंचोका सहज तोंडात जातो.