सबब आणि कबुली

‘सबब’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ कारण. कचेरीच्या लेखनात तो आजही ‘म्हणून’ या अर्थी आढळतो. बोलण्यात मात्र ‘सबबी सांगणे’ म्हणजे टाळाटाळ करणे. अपराध्यांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांस या दोन अर्थांमधील पुसट सीमारेषा रोजच शोधावी लागते.

साइक्स व मॅट्झा यांनी 1957 साली अपराध्यांच्या आत्मसमर्थनाचे पाच प्रकार वर्णिले : जबाबदारी नाकारणे, इजा नाकारणे, पीडितासच दोषी ठरविणे, ठपका ठेवणाऱ्यांवर उलटणे आणि सोबत्यांच्या निष्ठेचा आधार घेणे. पुढे अनेक कार्यक्रमांनी सबब खोडून काढणे हेच आपले मुख्य कार्य मानले. 2006 मध्ये मरूना व मान यांनी या गृहीतकावर आक्षेप घेतला. चूक झाल्यावर परिस्थितीकडे बोट दाखविणे हा सर्वसामान्य मनुष्यस्वभावच होय. उलट ‘मी मुळातच असा’ असे मानणाऱ्यास बदलाची आशा कोठून असणार?

मराठीपुरता हा प्रश्न अधिक नाजूक आहे. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमान्वये, जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळता, 21 वर्षांखालील अपराध्यास तुरुंगात धाडण्याचा विचार करताना न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. समजा, औशाच्या बाजारातील भांडणात दगड मारणारा तरुण अशा अधिकाऱ्यापुढे बसला आहे. ‘दगड सुटला’ असे तो म्हणाला, तर त्या वाक्यात मारणारा नाहीच. पण ‘मी दगड मारला’ येथेही क्रियापदाचा मेळ दगडाशीच असतो. आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ हे तर पश्चात्तापाचे रूढ, विनयाचे वाक्य! केवळ ‘हातून’ आले म्हणून त्यास पळवाट ठरविणे हा भाषेवर आणि त्या तरुणावर दुहेरी अन्याय होईल. शिवाय ‘मीच केले’ हे वाक्य अनुकूल अहवालासाठी पाठही करता येते.

म्हणून वाक्याच्या प्रयोगापेक्षा कथनाचा पुढील भाग तपासणे अधिक उपयुक्त ठरते. जखमी माणूस त्या कथनात येतो काय? त्याला कोठे लागले, किती दिवस कामावर जाता आले नाही, औषधपाण्याचा खर्च कोणी सोसला, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे काय? राग का आला हे त्याला अवश्य सांगू द्यावे, कारण पुढील भांडण टाळावयाचे तर तेही कळावयास हवे. मात्र त्या रागाच्या वर्णनात दगड लागलेला माणूस हरवला, तर प्रश्न पुन्हा तेथूनच सुरू करावा.