विश्लेषण : झाड एकच, मग चिनी ‘ग्रीन टी’च्या चवी वेगळ्या कशा?

आपल्याकडे ‘ग्रीन टी’ म्हणजे वजन कमी करण्यासाठी घेतलेली टी-बॅगची पेटी. चीनमध्ये मात्र या चहाला गावाचे नाव असते आणि त्या नावावर किंमत ठरते. म्हणूनच नावाची नक्कलही होते. हा फरक नेमका येतो कुठून?

हिरवा रंग कसा टिकतो?

चिरलेले वांगे थोड्या वेळाने काळे पडते. चहाचे पानही खुडल्यावर असेच काळवंडू लागते. काळ्या चहासाठी ही प्रक्रिया पूर्ण होऊ देतात, ग्रीन टीसाठी उष्णता देऊन ती लगेच थांबवतात. जपानमध्ये पाने प्रामुख्याने वाफवतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी ती कढईत भाजतात. त्यामुळे चिनी चहाला भाजल्याचा खमंगपणा येतो. हुबेई प्रांतातील एन्शी युलू मात्र आजही वाफवला जातो.

प्रांतागणिक काय बदलते?

लोंगजिंग (हांगचौ, झेजियांग) : गरम कढईत पाने हाताने दाबत भाजतात. म्हणून ती चपटी होतात आणि भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो.

बिलुओचुन (सुचौ, जियांगसू) : अगदी कोवळे, लवदार कोंब वळून गोगलगायीच्या शंखासारखे केले जातात. अर्धा किलो चहासाठी हजारो कोंब खुडावे लागतात. बागांमध्ये फळझाडेही असतात.

ल्यूआन ग्वापियान (आनहुई) : यात कोंब नाही, देठही नाही, फक्त पान. चव भरीव लागते.

ताइपिंग होउकुई (आनहुई) : लांबलचक, सरळ पाने दाबून सपाट केलेली.

वेळेला इतके महत्त्व का?

४-५ एप्रिलच्या सुमारास चीनमध्ये छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो. त्याआधी खुडलेला चहा सर्वात महाग. थंडीत झाड सावकाश वाढते, त्यामुळे कोंबात गोडवा देणारी अमिनो आम्ले जास्त असतात. ऊन वाढले की तुरटपणा वाढतो. म्हणूनच लवकर फुटणाऱ्या ‘लोंगजिंग ४३’सारख्या वाणाला शेतकऱ्यांची पसंती मिळते, तर जुन्या वाणाचे चाहते चवीसाठी थांबायला तयार असतात.

खरा-खोटा कसा ओळखणार?

चपटे पान कुठेही तयार करता येते. त्यामुळे लोंगजिंग हे नाव भौगोलिक मानांकनाने झेजियांगमधील ठरावीक भागांपुरते राखून ठेवले आहे. त्यातही हांगचौच्या पश्चिम सरोवराभोवतीचा चहा सर्वात महाग. भारतात पहिले भौगोलिक मानांकन दार्जिलिंग चहाला मिळाले, तेही याच कारणाने. नाव सैल सुटले, तर उतारावर कोंब खुडणाऱ्याच्या कष्टाचे पैसे दुसऱ्याच्याच खिशात जातात. चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीला युनेस्कोने २०२२ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

घरी करताना काय लक्षात ठेवावे?

उकळते पाणी ओतू नये. साधारण ८० अंशांचे पाणी पुरते. ग्रीन टी कडू लागतो, ही तक्रार बरेचदा पानाची नसते, पाण्याची असते.