सोमवारच्या खेळाचे शेरे

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात १९०२ ते १९२३ या काळातल्या काही वह्या जपून ठेवल्या आहेत. बी. एफ. कीथ आणि ई. एफ. अल्बी या जोडीची नाट्यगृहांची मोठी साखळी होती. तिथल्या मॅनेजरांनी दर आठवड्याला आपल्या रंगमंचावर आलेल्या प्रत्येक कलाकाराबद्दल जे लिहून पाठवलं, ते या वह्यांत आहे. कसरतपटू, गवई, नकलाकार, जादूगार, शिकवलेली कुत्री, नर्तकांच्या जोड्या अशा सगळ्यांवर चार-चार, पाच-पाच ओळींचे शेरे आहेत. यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. अनेकांच्या कलेबद्दल जे काही लिहिलेलं उरलं, ते एवढंच.

ही करमणूक म्हणजे व्हॉडव्हिल. एका तिकिटात आठ-नऊ आयटम, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कीथ आणि अल्बी दोघेही सर्कशीच्या धंद्यातून आलेले. कीथने १८८३ मध्ये बोस्टनला एक छोटं प्रदर्शन उघडलं. अपुऱ्या दिवसांची एक तान्ही मुलगी हे त्याचं मुख्य आकर्षण होतं. १८८५ मध्ये बोस्टनच्याच बिजू थिएटरात त्याने अखंड खेळ सुरू केला. प्रेक्षकाने केव्हाही यावं, सगळे आयटम पाहावेत आणि पुन्हा पहिला आयटम आला की उठावं. तोवर असले कार्यक्रम म्हणजे दारूच्या गुत्त्यांशेजारची पुरुषांची करमणूक होती. न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टरने ते घरंदाज प्रेक्षकांत आणायला सुरुवात केली होती. कीथने बायका-मुलांसाठी संगमरवरी पायऱ्या, गालिचे आणि गणवेशातले द्वारपाल असलेली थिएटरं उभारली. नव्या गोष्टीचा वासही या मंडळींना लवकर लागे. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं कीथच्या युनियन स्क्वेअर थिएटरात २९ जून १८९६ ला झळकली. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ती त्यानंतर आठवडाभराने, ७ जुलैला आली.

थिएटरं वाढत गेली आणि मालकापुढे एक अडचण उभी राहिली. बोस्टन, फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्स, क्लीव्हलँड अशा सगळ्या ठिकाणी तो स्वतः बसू शकत नव्हता. पुढच्या महिन्यात एका शहरात जो आयटम लावायचा, तो या आठवड्यात दुसऱ्या शहरात कसा चालला, हे त्याला कळायला हवं होतं. त्या गरजेतून हे शेरे जन्मले.

आयटमांचा नवा संच सोमवारी लागे. कलाकार सकाळीच थिएटरात हजर होत आणि स्वरलिपीचे कागद वाद्यवृंदासाठी ठेवत. जो आधी येईल त्याची तालीम आधी. दोघांकडे एकच गाणं निघालं तर ते पहिल्याला मिळे, दुसऱ्याने ऐन वेळी दुसरं शोधायचं. दुपारच्या पहिल्या खेळाला मॅनेजर प्रेक्षागृहात बसे. आयटमचं नाव, तो किती मिनिटं चालला, पूर्ण रंगमंच लागला की पुढच्या पडद्यासमोरच्या पट्टीत भागला, हे तो टिपून घेई. ही शेवटची नोंद फार कामाची. मागे मोठा देखावा लावला जात असताना पुढच्या पट्टीत कुणी गाणारा किंवा बोलणारा उभा असला, की खेळात खंड पडत नाही.

मग खरा शेरा. टाळी कुठे आली, हशा कुठे पिकला, शेवट पडला का, मोबदल्याच्या मानाने माल कसा आहे. मला या वह्यांत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की चांगला मॅनेजर रंगमंचाइतकंच प्रेक्षकांकडे पाहत असे. आपल्याला आयटम आवडला नाही पण लोकांनी तो डोक्यावर घेतला, हे तो सरळ नोंदवतो. रसिकतेची ही वेगळी जात आहे. वर्तमानपत्री समीक्षकाला स्वतःचं मत मांडून मोकळं होता येतं. या माणसाला त्याच संचावर आठवडाभर थिएटर भरायचं होतं.

आयटमची किंमत त्याच्या जागेवरही ठरे. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरसाठी संच बांधणारे जॉर्ज गॉटलिब यांनी ही रचना उलगडून सांगितली आहे. ब्रेट पेज यांच्या १९१५ च्या पुस्तकात ती वाचायला मिळते. पहिला आयटम मुका हवा, कसरतीचा किंवा जनावरांचा. उशिरा येणारे लोक खुर्च्या शोधत असतात, तेव्हा शब्द वाया जातात. मध्यंतराआधी बडं नाव. मध्यंतरानंतरचा आयटम बसवणं सर्वांत कठीण: बाहेरून परतलेल्या लोकांना पुन्हा बांधायचं, पण पुढच्या कलाकारांवर छाया पडता कामा नये. शेवटून दुसरी जागा मानाची. प्रेक्षक ज्याची वाट पाहत बसलेले असतात तो विनोदी नट तिथे. शेवटी डोळ्यांत भरणारा देखावा, कारण लोक उठायला लागलेले असतात. पहिल्या जागेवर पडलेला आयटम मधे नेला तर रंगेलही, याची जाण असलेला मॅनेजर सोमवारच्या दुपारनंतर क्रम फिरवी.

तो कात्रीही लावी. कीथच्या थिएटरांत शिवी तर नाहीच, पण साधा उद्धट शब्दही चालत नसे. तशी ताकीद पडद्यामागे लावलेली असे. कलाकार या साखळीला चर्चच्या रविवारच्या शाळेचं नाव देऊन टोमणे मारत. पण ही सोवळी नजर सर्वांना सारखी नव्हती. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणं, आयरिश, ज्यू किंवा जर्मन माणसाला वेडगळ दाखवणं सर्रास चाले. मॅनेजरांची लेखणीही त्या पूर्वग्रहातून सुटलेली नाही. या वह्या वाचताना तो भाग नजरेआड करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या मायनर्स थिएटरात हौशी कलाकारांची रात्र भरे. नापसंत माणसाला विंगेतून लांब आकडा घालून ओढून नेत आणि प्रेक्षक आकड्याच्या नावाने ओरडत. एडी कँटरसारखा पुढे मोठा झालेला नट कोवळ्या वयात याच रंगमंचावर उभा राहून पसंत पडला होता. प्रकार क्रूर खरा, पण निकाल कलाकाराच्या तोंडावर लागे. कीथच्या शेऱ्याचं तसं नव्हतं. तो मालकाच्या कार्यालयात आणि दुसऱ्या मॅनेजरांकडे जाई. ज्याच्यावर लिहिला, त्याला उत्तर देण्याची सोय नव्हती.

१९०६ मध्ये कीथ-अल्बींनी युनायटेड बुकिंग ऑफिस उभारलं, तेव्हा या गोष्टीला धार आली. काम देणारे तेच आणि कामावर ५ टक्के दलाली घेणारेही तेच. विरोधी थिएटरात काम केलं की नाव काळ्या यादीत. दलालीचा वाद मात्र त्याआधीचा होता. १९०० मध्ये स्थापन झालेल्या व्हाइट रॅट्स या कलाकारांच्या संघटनेने १९०१ मध्ये दलालीविरुद्ध संप केला, १९१६-१७ मध्ये पुन्हा केला. दुसरा संप मोडला. अल्बीने १९१६ मध्ये मालकांच्या आश्रयाने नॅशनल व्हॉडव्हिल आर्टिस्ट्स ही वेगळी संघटना काढली आणि व्हाइट रॅट्सची न्यूयॉर्कमधली वास्तू पुढे तिच्याच ताब्यात गेली. १९१८ मध्ये अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने मालकांवर तक्रार दाखल केली, १९१९ मध्ये साक्षी झाल्या, १९२० मध्ये तक्रार काढून टाकली गेली.

रंगभूमीच्या अभ्यासकांना माझं सांगणं इतकंच आहे की शेऱ्यांच्या वह्या आणि १९१९ च्या या साक्षी शेजारी ठेवून वाचाव्यात. नुसत्या वह्या वाचल्या तर चोख नजरेचा, कामाला जागणारा मॅनेजर दिसतो आणि तो खराच आहे. ज्यांच्या पोटापाण्यावर त्याची लेखणी चालत होती, त्या माणसांचं म्हणणं मात्र साक्षींतच सापडतं.