उपकरप्राप्त इमारत कोणाची?
गिरगाव-काळबादेवीतल्या अनेक जुन्या चाळी ‘उपकरप्राप्त’ आहेत. म्हणून त्या म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या), असा समज सर्रास आढळतो. मालकी मात्र घरमालकाचीच असते. मुंबई शहरातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर उपकर (दुरुस्तीसाठी घेतला जाणारा जादा कर) बसतो आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ डागडुजी करते. विमा उतरवला म्हणून गाडी विमा कंपनीची होत नाही, तसेच हे. गोंधळ स्वाभाविक आहे. खचलेल्या जिन्याला टेकू लावायला मंडळाचीच माणसे येतात. पण पुनर्विकासाचा करार साधारणपणे मालक-विकासकाशी होतो. म्हणून पात्र निवासी भाडेकरूला मिळणारे किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापराची जागा) त्यात नोंदले आहे का, हे खोली रिकामी करण्याआधीच तपासावे.