बॉनेटखाली कोण वाजतंय?

सेकंड हँड टर्बो हॅचबॅक, आधीच्या मालकाने केलेलं रीमॅप, हलकं फ्लायव्हील, पॉली माउंट्स, मोठा एक्झॉस्ट. गाडी पळते मस्त! पण न्यूट्रलला उभी असली की खालून 'खर्रर्र-खट-खट' असं काहीतरी येतं. ग्रुपवर व्हिडिओ टाकला की दहा मिनिटांत बारा निदानं हजर. कुणी म्हणतं टॅपेट वाजतायत, कुणी म्हणतं बेअरिंग गेलं, तर एखादा थेट श्रद्धांजलीचा इमोजी टाकतो. गॅरेजवाला कान लावतो आणि सांगतो, "इंजिन उघडावं लागेल."

हे वाक्य महाग असतं. इंजिन उघडलं की गॅस्केट, सील, ऑइल, मजुरी असं सगळंच आलं. आणि आवाज इंजिनातला नसेलच, तर हा सगळा खर्च फुकट. उलट, खरंच बेअरिंग जात असेल आणि तुम्ही "चालतंय की" म्हणून लोणावळ्यापर्यंत पळवलीत, तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून इंजिनाला पाना लावण्याआधी तपास करायचा. त्याला पैसे फारसे लागत नाहीत, डोकं आणि कान लागतात.

आधी ऑइल बघा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर पुढचे सगळे प्रयोग थांबवा, आधी लेव्हल भरा. ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर गाडी परत स्टार्टच करू नका, टो करून न्या. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी, म्हणजे साधारण केसापेक्षाही कमी असते. त्या फटीतला ऑइलचा पापुद्रा गेला की धातूवर धातू घासतो, आणि मग दुरुस्ती मिनिटामिनिटाला महाग होत जाते.

आवाज मोजा

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. आयडलला ८४० आरपीएम असतील तर क्रँक सेकंदाला १४ वेळा फिरतो आणि कॅम ७ वेळा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला २८ झटके. हे तीन आकडे म्हणजे तुमचे तीन संशयित!

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि कुठल्याही ऑडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये त्याचा आलेख उघडा. एका सेकंदात उंच टोकं किती आली ते मोजा. ७ आली तर टॅपेट, कॅम किंवा एका सिलिंडरजवळचं एक्झॉस्ट लीक. १४ च्या आसपास आली तर क्रँकशी जोडलेलं काहीतरी. २८ किंवा नुसतीच दाट खरखर दिसली तर प्रत्येक झटक्याला कुठलातरी सैल भाग थरथरतोय. हा शेवटचा निकाल नाही, पण "मला वाटतं" म्हणण्यापेक्षा नक्कीच बरा.

थंड की गरम?

पुढचा प्रश्न, आवाज कधी येतो? सकाळी पहिल्या स्टार्टला जोरात आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर दोन शक्यता मोठ्या. एक, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी गळती. धातू तापून फुगला की फट मिटते. दुसरी, पिस्टन स्लॅप. मॉडिफाइड गाडीत फोर्ज्ड पिस्टन असतील तर त्यातले काही गरम झाल्यावर जास्त फुगतात. म्हणून ते मुद्दाम थोडे सैल बसवतात आणि थंडीत ते सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात. अशा इंजिनात तो आवाज नॉर्मल असू शकतो.

उलटं असेल, म्हणजे थंड असताना शांत आणि ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर खोल 'ठक-ठक', रेस वाढवली की तीही वाढते, तर ते रॉड बेअरिंगचं लक्षण असू शकतं. इथे "अजून एकदा जोरात रेस दे रे" म्हणणारा मित्र तुमचा मित्र नाही.

एकेक संशयित बाजूला काढा

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या स्थिर भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. हेड, ब्लॉक, ऑइल पॅन, अल्टरनेटर, गिअरबॉक्स असं एकेक ठिकाण ऐका. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर टिकटिकतातच, त्यांना उगाच दोष देऊ नका.

बेल्टवर संशय असेल तर मेकॅनिककडून तो काढून गाडी फक्त काही सेकंद चालवून बघा. आवाज गेला तर अल्टरनेटर, पुली किंवा टेन्शनर. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त वेळ नाही. आणि टायमिंग बेल्टला चुकूनही हात लावायचा नाही.

मग मेकॅनिकसमोर एकेका सिलिंडरचं काम बंद करून बघता येतं. त्या सिलिंडरचं इंजेक्टर बंद केल्यावर 'ठक' कमी झाली तर त्याच सिलिंडरचा रॉड किंवा पिस्टन संशयात येतो. काहीच फरक पडला नाही तर टॅपेटकडे वळा.

आणि आता क्लच दाबा

आपल्या हॅचबॅकचं उत्तर बहुतेक याच साध्या टेस्टमध्ये आहे. न्यूट्रलला उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबा. खरखर लगेच थांबली? सोडल्यावर परत आली? रेस १५०० च्या वर नेली की विरघळून गेली? मग आवाज बहुधा इंजिनचा नाहीच, गिअरबॉक्समधल्या गिअर्सचा आहे.

कारण सोपं आहे. इंजिन कानाला एकसारखं फिरतंय असं वाटतं, पण प्रत्येक झटक्याला क्रँक किंचित पुढे उडी मारतो. कंपनीचं ड्युअल मास फ्लायव्हील आपल्या स्प्रिंगांनी ती उडी गिळतं. त्याजागी हलकं, एकसंध फ्लायव्हील टाकलं की तीच उडी थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जाते, आणि लोड नसलेले गिअर एकमेकांवर खडखडतात. त्यात पॉली माउंट्स रबरासारखे मऊ नसतात. त्यामुळे जो आवाज आधी खालीच मरायचा, तो आता केबिनमध्ये येऊन बसतो. रेस वाढली की झटके जवळजवळ येतात, फिरणं सपाट होतं आणि खडखड थांबते.

क्लच दाबल्यावर आवाज *सुरू* होत असेल तर मात्र रिलीज बेअरिंग तपासा. आवाज जाण्याऐवजी नुसता बदलला तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंगही बघायला हवं.

एक आवाज माफ नाही

चढावर, टर्बो पूर्ण दाबात असताना डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज आला तर पाय उचला. हे डेटोनेशन. मिश्रण वेळेआधी किंवा आपोआप पेटतंय आणि दाबाचा हातोडा पिस्टनवर पडतोय. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू स्पार्क मागे घेतो, पण रीमॅप हावरट असेल तर तेवढं पुरत नाही. चांगलं पेट्रोल, सौम्य मॅप आणि डेटा लॉग, उपाय याच क्रमाने.

काम करताना ओढणी, केस, बाही, कडं सगळं आवरून घ्या. फिरता बेल्ट सॉरी म्हणत नाही. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत हवा तसा बदल करता येत नाही, तेव्हा असली गाडी विकत घेताना कागद आणि इंजिन दोन्ही तपासा.

गॅरेजला जाताना थंड स्टार्टचा व्हिडिओ, गरम इंजिनचा व्हिडिओ, क्लच टेस्टचा निकाल आणि काय काय बदललंय त्याची यादी सोबत न्या. त्यानंतरही कुणी "इंजिन उघडावं लागेल" म्हणालं, तर एवढंच विचारा: "नेमकं कुठल्या भागासाठी, आणि ते कशावरून?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. तो तुमच्या हातात स्टेथोस्कोप देतो आणि म्हणतो, "ये, तूच ऐक."