मासवडीची खाणावळ आणि अँडीजची पिके

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या टप्प्यात आणि आत घोडेगाव, जुन्नर, ओतूरच्या रस्त्यांना ‘मासवडी’ अशी ठळक पाटी लावलेल्या खाणावळी दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा एकेका कुटुंबाच्या असतात. पुढे टेबले, मागे स्वयंपाकघर आणि एका बाजूला भाकरीची चूल किंवा शेगडी, एवढाच पसारा. भाकऱ्या थापणे, सारण भाजणे, मसाला वाटणे ही कामे घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका करतात, तर गल्ला आणि वाढप घरातलेच कोणीतरी सांभाळते. येणाऱ्या गिऱ्हाइकांत बाजार समितीत माल घालून आलेला शेतकरी असतो, ट्रकचालक असतो, शिवनेरी पाहून उतरलेले कुटुंब असते आणि अष्टविनायकाला निघालेली मंडळीही असतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रेसाठी सुपारी द्यायला गावोगावचे कारभारी येतात. तेही अशाच खाणावळीत जेवतात.

या खाणावळीचे ताट समजून घ्यायचे तर आधी भोवतालची जमीन पाहावी लागते. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या पठारापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरचा पट्टा धो धो पावसाचा. तिथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती असून भात, नाचणी आणि वरई ही मुख्य पिके आहेत. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस कमी होतो आणि बाजरीचा मुलूख लागतो. मधल्या पट्ट्याला कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी मिळते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे ही ती धरणे. या पाण्याने ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो आणि तरकारीची शेती उभी राहिली. त्यामुळे पश्चिमेचा तांदूळ, पूर्वेची बाजरी आणि मधल्या पट्ट्याची भाजी एकाच ताटात येणे इथे साहजिकच आहे.

मासवडी हा या ताटाचा मानाचा पदार्थ. आकार मासळीच्या तुकडीसारखा असला तरी तो पूर्ण शाकाहारी आहे. माळकरी घरात पाहुणचार करायचा, जावयाला जेवू घालायचे, तर मटणाच्या तोडीचे काय करावे, या प्रश्नाला इथल्या सुगरणींनी दिलेले हे उत्तर आहे. त्यासाठी आधी सारण तयार करतात. सुके खोबरे किसून भाजायचे, तीळ आणि खसखस वेगवेगळी भाजायची, कांदा तेलावर खरपूस परतायचा. मग लसूण, कोथिंबीर, मीठ आणि काळा मसाला घालून सगळे भरड कुटायचे. सारण कोरडे राहिले पाहिजे. ते ओले झाले तर वडी फुटते.

दुसरे काम बेसनाचे. पातेल्यात जिरे, हिंग, लसूण आणि मिरचीची फोडणी करून त्यात पाणी, हळद आणि मीठ घालतात. पाण्याला उकळी फुटली की एका हाताने बेसन सोडायचे आणि दुसऱ्या हाताने हाटत राहायचे. गुठळी होऊ न देता पीठ घट्ट शिजवून वाफ आणणे हे खरे कसब. पीठ कच्चे राहिले तर चिकटते, जास्त आटले तर थापताना चिरते. गरम असतानाच ते ओल्या फडक्यावर पातळ थापतात, वर सारण पसरतात आणि फडक्याच्या आधाराने दुमडून लांबट, तिकोनी वळी दाबून घेतात. वळी निवाली की तिच्या वड्या कापतात. पीठ हाताला चटके देत असतानाच हे थापणे आणि दुमडणे उरकावे लागते. म्हणूनच घाणा मोठा असेल तर दोघी-तिघी मिळून वड्या करतात.

वडीइतकेच महत्त्व रश्श्याला आहे. भाजलेला कांदा, खोबरे, तीळ, आले आणि लसूण यांचे वाटण तेलात परतायचे आणि तेल सुटले की काळा मसाला व तिखट घालून गरम पाणी ओतायचे. रस्सा पातळ असतो, वर लाल तर्री तरंगते. वड्या त्यात शिजवत नाहीत, ताटात वेगळ्या वाढतात. जेवणारा वडी रश्श्यात बुडवून खातो किंवा बाजरीची भाकरी चुरून त्यावर रस्सा ओतून घेतो. सोबत कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा आणि शेवटी इंद्रायणीचा मऊ भात. वड्या आणि भाकऱ्या मोजून मिळत असल्या तरी रस्सा पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि नको म्हणेपर्यंत वाढला जातो. खाणावळीचे नाव होते ते या वाढण्यामुळे. मांसाहार करणाऱ्यांसाठी याच चुलीवर मटण आणि गावरान कोंबडी शिजते. त्यांच्या रश्श्यालाही भाजक्या कांदा-खोबऱ्याचाच आधार असतो.

हे ताट अस्सल जुन्नरी आहे, यात शंका नाही. तरीही त्यातले आणि इथल्या रोजच्या स्वयंपाकातले काही जिन्नस फार लांबून आले आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकाआधी इथल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ती नव्हती. यांतल्या बटाट्याचे आणि टोमॅटोच्या रानटी पूर्वजांचे घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत, मुख्यतः आजच्या पेरू देशाच्या परिसरात आहे. टिटिकाका सरोवराच्या आसपास सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी बटाट्याची लागवड सुरू झाली. पेरूमध्ये आजही त्याचे ३,००० हून अधिक वाण आढळतात. पिवळे, जांभळे, लाल, वाकडेतिकडे, गुळगुळीत असे नाना प्रकार. स्पॅनिश लोकांनी १५३२ मध्ये इंका साम्राज्यावर चाल केली आणि त्यानंतर काही दशकांत बटाटा स्पेनमध्ये पोहोचला. भारतात तो सतराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आला. आपल्याकडची नेहमीची मिरची मेक्सिकोकडची आहे. शेंगदाण्याचे मूळ बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या सीमाभागात असले, तरी प्राचीन पेरूमध्ये त्याला मोठा मान होता. १९८७ मध्ये पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान येथे मोचे संस्कृतीतील एका राजाची कबर सापडली. तिच्यात सोन्या-चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता.

या पिकांनी जुन्नर-आंबेगावात केवळ ताट बदलले नाही, शेतीही बदलली. आंबेगावच्या दक्षिणेकडचे सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी ओळखले जाते. पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी, पारगाव, थुगाव, कोल्हारवाडी ही तिथली गावे. उत्तर भारतातला बटाटा थंडीत पिकतो. सातगाव पठारावर मात्र पावसाच्या भरवशावर जून-जुलैत लागवड होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काढणी होते. पठाराची उंची, निचऱ्याची जमीन आणि पावसाळ्यातली थंड हवा यांमुळे हे शक्य होते. लागवडीआधी पंजाबकडचे बियाणे मंचरच्या बाजारात उतरते, तेव्हा तिथे बटाट्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. नारायणगावची ओळख टोमॅटोची. तिथल्या उपबाजारात २० किलोंच्या क्रेटमध्ये टोमॅटोचे लिलाव होतात आणि माल देशभर जातो. कधी भाव इतका पडतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. उलट जुलै २०२३ मध्ये एका क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला होता. या चढउतारांवर तालुक्याचे लग्नकार्य, कर्जफेड आणि खाणावळींतली गर्दीही अवलंबून असते.

ही पिके इथल्या जेवणात किती मुरली आहेत, हे उपवासाच्या ताटात आणखी स्पष्ट दिसते. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतली दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत आणि भीमाशंकरचे ज्योतिर्लिंग आंबेगावच्या पश्चिम टोकाशी आहे. चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला या वाटांवरच्या खाणावळींत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि रताळी मिळतात. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, रताळे अमेरिका खंडातले, बटाटा अँडीजचा, आणि शेंगदाणा व मिरचीही अमेरिका खंडातलीच. राजगिऱ्याचीही एक जात अँडीजमध्ये फार पूर्वीपासून पिकते. या ताटातली अस्सल देशी वस्तू म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर पिकणारी वरई. श्रद्धेने सर्वांत शुद्ध मानलेल्या अन्नात परक्या मुलखातली पिके इतकी सहज सामावली, याचे श्रेय ती शेतात रुजवणाऱ्या शेतकऱ्यांना आणि चुलीवर आपलीशी करणाऱ्या बायकांना आहे.

ही पिके ज्या मुलखातून आली, तिथेही अशाच खाणावळी आहेत. पेरूच्या दक्षिणेला मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी आरेकिपा हे शहर आहे. तिथल्या पारंपरिक खाणावळीला पिकांतेरिया म्हणतात. ती चालवणारी स्त्रीच असते आणि हा व्यवसाय आईकडून मुलीकडे जातो. लाकडाच्या चुली, लांब बाके आणि अनोळखी माणसांनी शेजारी शेजारी बसून जेवायचे, ही तिथली रीत. स्वयंपाकघराच्या मध्यभागी बातान नावाचा मोठा पाटा असतो आणि त्यावर मिरची व मसाला वाटतात. यंत्राने वाटलेल्या मसाल्याला ती चव येत नाही, असे तिथल्या बायका मानतात. आपल्याकडेही पाट्यावरच्या वाटणाबद्दल हेच सांगितले जाते.

पिकांतेरियात रोजचे सूप ठरलेले असते. सोमवारी चाके, मंगळवारी चैरो, असा वारांचा क्रम चालतो. चैरोमध्ये चुन्यो घालतात. अँडीजच्या उंच भागात बटाटे रात्रीच्या हिमात गोठवून, दिवसा उन्हात वाळवून आणि पायांनी तुडवून पाणी काढून टाकतात. असा टिकाऊ केलेला बटाटा म्हणजे चुन्यो. रोकोतो नावाच्या जाड, गोल, झणझणीत मिरचीत खिम्याचे सारण भरून, वर चीज घालून ती भाजतात आणि सोबत बटाट्याचे थर लावून भाजलेला पदार्थ देतात. उकडलेल्या बटाट्यावर मिरची, शेंगदाणे, चीज आणि एक सुवासिक पाला वाटून केलेली ओकोपा नावाची दाट चटणी ओततात. मोड आणलेल्या मक्यापासून केलेले चिचा हे पेय सोबत असते. राजधानी लिमाच्या गल्ल्यांमध्ये दुपारी ठरावीक किमतीत सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असे जेवण मिळते. आपल्या राइसप्लेटचीच ही रीत. तिथल्या लोमो साल्तादो या पदार्थात गोमांसाचे तुकडे, कांदा आणि टोमॅटो मोठ्या आचेवर परततात आणि त्यासोबत तळलेला बटाटा व भात दोन्ही वाढतात. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी आलेल्या चिनी लोकांनी ही परतण्याची पद्धत तिथे रुजवली.

पेरूने आपल्या खाणावळींना नुसते आवडीचे ठिकाण म्हणून सोडून दिले नाही. आरेकिपाच्या पिकांतेरियाला २०१४ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. लिंबाच्या रसात मुरवलेल्या माशांचा सेविचे हा पदार्थ आणि त्याभोवतीच्या प्रथा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आल्या. बटाट्याच्या वाणांचे जतन करणारे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून लिमामध्ये आहे. पेरूच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी ३० मे हा आंतरराष्ट्रीय बटाटा दिन ठरवला. शेत, स्वयंपाकघर आणि गिऱ्हाईक ही एकच साखळी आहे आणि तिचा एक दुवा सुटला तर बाकीचे टिकत नाहीत, हे त्या देशाने ओळखले.

आपल्याकडे जुन्नर तालुका २०१८ मध्ये राज्य शासनाने विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. शिवनेरी, नाणेघाटातले सातवाहनकालीन लेख, लेण्याद्रीची बौद्ध लेणी हे या भूमीचे मोठे धन. पण येणारा प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा जेवतो आणि मुलखाची ओळख त्याला ताटातूनही होते. महामार्ग रुंद झाला, तशी सगळीकडे एकाच चवीच्या पनीर-नान जेवणाची गर्दी वाढली. त्या गर्दीत मासवडी टिकली, कारण इथल्या लोकांना ती हवी आहे आणि ती करणारे हात अजून आहेत. हे हात पुढच्या पिढीत राहायचे असतील तर काही गोष्टी आजच कराव्या लागतील. गावोगावच्या सुगरणींची नावे आणि त्यांच्या सारणातले, वाटणातले फरक लिहून ठेवायला हवेत. पर्यटनाच्या माहितीपत्रकात किल्ल्याशेजारी खाणावळीलाही जागा हवी. बाजरी, वरई आणि पठाराचा बटाटा इथल्याच शेतकऱ्यांकडून घेणाऱ्या खाणावळीला त्याचे श्रेय मिळायला हवे.

बाहेरून येणाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवल्या तर जेवण अधिक चांगले होते. मासवडी ताजी करायला वेळ लागतो, म्हणून लहान खाणावळीत आधी कळवून जावे. बाजरीची भाकरी हिवाळ्यात सर्वांत गोड लागते. पठाराचा नवा बटाटा दसऱ्याच्या आसपास बाजारात येतो, तेव्हा त्याची रस्साभाजी आवर्जून मागावी. रस्सा तिखट असतो, तेव्हा लिंबू पिळून आधी थोडा चाखावा आणि मग भाकरी चुरावी. जेवण झाल्यावर वड्या कोणी केल्या हे विचारून त्या बाईला पसंती सांगावी. तिच्या कामाची दखल घेण्याची सुरुवात तिथूनच होते.