रिपोर्ट तयार आहे, पण कुठे?

रात्रीचे दोन वाजले आहेत. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेला रुग्ण अपघात विभागात दाखल आहे. पोटॅशियमच्या तपासणीसाठी रक्त पाठवून तास उलटला. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ सांगतो, ‘रिपोर्ट कधीच पाठवला.’ सिस्टर म्हणतात, ‘इथे काहीच आलं नाही.’ शेवटी वॉर्डातले मामा शोधायला निघतात आणि तो कागद दुसऱ्या मजल्यावर, प्रसूती कक्षातल्या प्रिंटरवर पडलेला सापडतो.

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात घडू शकेल असा हा प्रसंग. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे लागते. ते ६.५ च्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडून हृदय बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी कॅल्शियमचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते. चुकीच्या मजल्यावर पडलेला कागद म्हणजे हातातून गेलेला वेळ.

घोळ होतो कुठे?

नेटवर्कवरच्या प्रत्येक प्रिंटरला घराच्या पत्त्यासारखा एक पत्ता असतो. अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकावर प्रिंटर वेगळा जोडलेला असतो. कुणी नवा प्रिंटर बसवला, कुणी जुना हलवला, की पत्ते बदलतात आणि यादीत एकाच नावाचे तीन-चार प्रिंटर दिसू लागतात. त्यातला खरा कोणता, हे रात्रपाळीच्या डॉक्टरला कसे कळणार? शिवाय विंडोज १० पासून अशी सोय आहे, की शेवटी वापरलेला प्रिंटरच आपोआप नेहमीचा ठरतो. दुपारी कुणी एक कागद वरच्या मजल्यावर छापला, तर रात्रीचे रिपोर्टही तिकडेच जाऊ शकतात.

दुसरा धोका रांगेचा. प्रिंटर अडकला की पाठवलेली कामे रांगेत थांबून राहतात. कागद येत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. सकाळी कुणी अडकलेला कागद ओढून काढला, की कालचे सगळे रिपोर्ट भराभर बाहेर पडतात. राउंडच्या वेळी केसपेपरवर कालचा आकडा आजचा म्हणून लागला, तर उपचारच चुकतील.

एका हाती कारभार

यावरचा उपाय म्हणजे प्रिंट सर्व्हर. सगळे प्रिंटर एका मध्यवर्ती संगणकावर नोंदवायचे, त्यांचे पत्ते कायम ठेवायचे आणि ‘अपघात विभाग, तळमजला’ अशी कुणालाही कळतील अशी नावे द्यायची. कोणत्या विभागातून काय छापले की ते कुठे निघेल, हे तिथूनच ठरते. कुठे टोनर संपला, कुठे रांग तुंबली, हे एका पडद्यावर दिसते. सुरक्षेच्या काही दुरुस्त्याही एकाच जागी करता येतात. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. शेकडो सुटे संगणक असतील तर अशी दुरुस्ती सगळीकडे पोचायला किती दिवस लागतील, याचा विचार करावा.

गोपनीयतेचाही प्रश्न आहे. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणे हे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. असा रिपोर्ट येण्याजाण्याच्या वाटेवरच्या प्रिंटरवर पडून राहता कामा नये. मध्यवर्ती व्यवस्थेत, संबंधित व्यक्तीने प्रिंटरपाशी जाऊन पिन टाकल्यावरच कागद बाहेर येईल, अशी सोय करता येते.

मात्र सगळे एका सर्व्हरवर टाकले आणि तोच बंद पडला, तर सारे रुग्णालय अडते. म्हणून पर्यायी सर्व्हर हवा, महत्त्वाच्या विभागात थेट जोडलेला एखादा प्रिंटर हवा आणि छापील कोरे फॉर्मही हाताशी हवेत. जिवाला धोका दाखवणारा आकडा तर प्रयोगशाळेने फोन करूनच सांगावा आणि ऐकणाऱ्याने तो लिहून, परत वाचून दाखवावा. कागद मागाहून आला तरी चालेल.

नळीवरचे लेबल हाही छपाईचाच भाग आहे. चार रुग्णांची लेबले एकदम छापून ठेवली, की एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावाने जाण्याची भीती असते. रक्तगटाच्या तपासणीत ही चूक जिवावर बेतू शकते. लेबल रुग्णाजवळच, एका वेळी एकाच रुग्णाचे छापावे आणि लावण्यापूर्वी त्याचे पूर्ण नाव विचारावे.

नातेवाइकांनीही रिपोर्ट हातात आला की आधी नाव, वय आणि नोंदणी क्रमांक पडताळावा. मग रक्त केव्हा घेतले, ती तारीख आणि वेळ पाहावी. छापल्याची वेळ वेगळी असू शकते. काही जुळत नसेल तर संकोच न करता सिस्टरांना किंवा डॉक्टरांना लगेच दाखवावे.